एक ना धड, भाराभर फर्निचर

तळमजला

खोली दहा बाय अकरा. तिच्यात माझं झोपणं, घरून चालणारं काम आणि अधूनमधून मुक्कामाला येणारी बहीण, एवढं बसवायचं होतं. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी एक तीन अवतारांची वस्तू घेतली. दिवसा सोफा, रात्री पलंग, आणि सोफ्याची पाठ पुढे पाडली की टेबल. दुकानातल्या मुलाने तिन्ही अवतार मिनिटाच्या आत करून दाखवले. मी हरखले आणि घेऊन आले.

गेल्या आठवड्यात बहीण आली होती. जाताना तिने सहज विचारलं, "ताई, हा सोफा कधी असतो गं?"

तेव्हा लक्षात आलं की गेले सात-आठ महिने तो सोफा झालेलाच नाही. टेबल तर त्याच्याही आधीपासून बंद. मी पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करते आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरते.

असं का झालं ते बघायला काल सकाळी घड्याळ लावलं आणि उठल्यापासून टेबलाशी बसेपर्यंतची एकेक हालचाल मोजली. चादर काढली. उशा आणि पांघरूण उचलून खुर्चीवर टाकलं, कारण दुसरीकडे जागाच नाही. गादीचा पुढचा भाग उचलून मागे रेटला. खाली गालिच्याचा कोपरा अडकला, तो सोडवला. खिटी बसल्याचा 'खट्' आला नाही, पुन्हा रेटलं. पाठ पुढे पाडली, टेबलाचे पाय उघडले. आता बसायला खुर्ची हवी, आणि खुर्चीवर पांघरूण. ते उचलून ठेवणार कुठे? पलंगावर. आणि पलंग तर आत्ताच नाहीसा केलेला!

नऊ हालचाली आणि चार मिनिटं. चार मिनिटांचं काही नाही हो, पण रात्री दमून सगळं उलटं करायचं असतं. तेव्हा टेबलावर लॅपटॉप, वह्या, चार्जर, पाण्याची बाटली आणि दिवा असतो. त्यांना आधी कुठेतरी हलवल्याशिवाय पलंग मिळत नाही. एक दिवस कंटाळा केला, दुसऱ्या दिवशी केला, आणि तिसऱ्या दिवसापासून तो कायमचा पलंगच झाला.

तर माझं मत असं झालंय की वस्तू किती रूपं घेते हे मोजूच नये. रूप बदलायच्या आधी तिच्यावरून काय काय उचलावं लागतं आणि ते उचललेलं कुठे जातं, एवढंच मोजावं. दुकानात तिच्यावर काहीच ठेवलेलं नसतं, म्हणून तिथे ती जादू वाटते.

तुमच्याकडे असं काही आहे का? रोज, म्हणजे खरोखर रोज, उघडता-मिटता का? फोटो नकोत, खरं सांगा.

भोचक

आमच्याकडे व्यायामाची सायकल आहे. तिचं कपडे वाळत घालायच्या स्टँडमध्ये रूपांतर एकदाच झालं, आणि तेवढं पुरलं.

अर्धवट_झोपलेला

मी रोज उघडतो. सहा वर्षं झाली. भिंतीत मिटणारा पलंग आहे, त्याच्या पोटाला टेबल. खास गोष्ट अशी की पलंग खाली येताना टेबल आडवंच राहतं आणि सरकत पलंगाखाली जातं. लॅपटॉप, वही जिथल्या तिथे. सकाळी पलंग वर ढकलला की काल अर्धं सोडलेलं काम समोर. उंच दिवा आणि बाटली मात्र काढावी लागते, कारण पलंगाखाली वीतभरच जागा मिळते.

म्हणजे तळमजला, तुमचा नियम बरोबर आहे, पण त्यावरून सगळ्याच फर्निचरला झोडपू नका.

तळमजला

झोडपत नाहीये, रडतेय. तुमच्या पांघरुणाचं काय होतं?

अर्धवट_झोपलेला

गादीला दोन पट्टे आहेत, त्यांच्याखाली पांघरूण अडकवतो आणि पलंगासकट उभं करतो. उशा तेवढ्या कपाटात.

रंधा

सुतारकाम हा माझा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

या वस्तूंमध्ये लाकूड सहसा दगा देत नाही, दगा देतो तो सांधा. पार्टिकल बोर्डच्या कडेत स्क्रू मारून बिजागरी बसवलेली असते. बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा आणि डिंक. साध्या कपाटाच्या दाराला तो पुरतो. पण जे फर्निचर रोज दोनदा हिसका खातं, त्याच्या स्क्रूभोवतीचा भुसा हळूहळू सुटतो, भोक मोठं होतं, बिजागरी एक-दोन मिलिमीटर बसते, आणि मग खिटी समोरासमोर येत नाही. ताई, तुमचा 'खट्' ऐकू येत नाही तो बहुतेक यामुळेच. खाली वाकून बघा, खिटीच्या भोकाच्या एका बाजूला घासल्याची चकाकी दिसेल.

उपाय असा. स्क्रू काढा, भोकात लाकडाची गोल काडी डिंक लावून ठोका, एक दिवस वाळू द्या, आणि मग त्यात नव्याने भोक पाडून स्क्रू बसवा. त्याहून चांगलं म्हणजे आरपार बोल्ट आणि मागून नट. दिसायला ओबडधोबड दिसेल, पण हलणार नाही.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात. फिरणारा भाग कशात बसवलाय, बोर्डात की प्लायमध्ये की लोखंडी चौकटीत. उघडल्यावर टोकाला टेकू आहे का, की सगळा भार बिजागरीवरच लटकतोय. आणि बोट कुठे चिरडू शकतं. ही तिसरी गोष्ट कुणी बघत नाही. कात्रीसारख्या मिटणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये मोठ्या माणसाचं बोट मावेल एवढी फट उरायला हवी, नाहीतर बोट जाणारच नाही इतकी बारीक हवी. मधलं माप वाईट. माझ्या डाव्या करंगळीला विचारा.

तळमजला

रंधा, दंडवत! आत्ता टॉर्च घेऊन खाली बघून आले. चकाकी आहे. गालिच्याच्या धाग्यांचा एक पुंजकाही आहे, पण तो माझा गुन्हा.

जुनी_अडगळ

माझा आवडता विषय निघाला. ही दुहेरी कामाची खुमखुमी आजची नाही. आयर्लंडमध्ये जुन्या घरांत सेटल बेड असायचा. दिवसा चुलीजवळचं उंच पाठीचं लाकडी बाक, रात्री बसायची पेटी पुढे जमिनीवर उलगडायची आणि झोपायला खोका तयार. तळमजला, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते: अंथरूण त्या पेटीतच राहायचं. ही अक्कल तुमच्या दुकानदाराला नव्हती.

मग लंडनमध्ये १८११ च्या सुमारास मॉर्गन अँड सँडर्स या कंपनीची 'मेटामॉर्फिक' खुर्ची गाजली. दिसायला डौलदार हातांची खुर्ची. पुढे उलटवली की पुस्तकांच्या कपाटाला लावायची चार पायऱ्यांची शिडी. मला ही फार आवडते, कारण तिच्यात काही उचलून ठेवायचंच नाही. खुर्चीवर बसलेला माणूस पुस्तक काढायला आपसूक उठतोच.

आणि टोक गाठलं ते अमेरिकेत. सिनसिनाटीच्या चार्ल्स हेस यांनी १८६६ मध्ये पेटंट घेतलं ते पियानोच्या पोटातून बाहेर येणाऱ्या पलंगाचं. सोबत कप्प्यांचं कपाट, अंथरुणाची जागा आणि तोंड धुवायचं भांडंसुद्धा.

भोचक

आणि पियानो वाजवायला कोणी उठला की झोपलेल्याने काय करायचं?

जुनी_अडगळ

ताल धरायचा.

गंमत सोडा, पण खरी सांगायची गोष्ट सारा गूड यांची. शिकागोत त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. १४ जुलै १८८५ ला त्यांना मिटणाऱ्या पलंगाचं पेटंट मिळालं, क्रमांक ३,२२,१७७. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांना मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक. मिटल्यावर पलंगाचं लिहायचं टेबल व्हायचं, कागद ठेवायला कप्पे असलेलं. त्या पेटंटात त्यांनी उद्देश मांडलेत ते वाचण्यासारखे आहेत. पलंगाचं टेबल व्हावं हा पहिला. बाकीचे असे: मिटणाऱ्या भागांचं वजन तोललेलं असावं म्हणजे ते सहज उचलता येतील, उघडल्यावर ते भाग घट्ट जागच्या जागी राहावेत, आणि उघडलेल्या पलंगाला मध्यभागी जास्तीचा आधार असावा. वर रंधा जे सांगतायत त्यातलं बरंचसं त्या बाईंनी तेव्हाच लिहून ठेवलंय.

रंधा

बोट चिरडण्याचा मुद्दा राहिला बाईंचा. बाकी पैकीच्या पैकी.

गणितमास्तर

"वजन तोललेलं असावं" हे वाचून राहवलं नाही.

भिंतीत मिटणाऱ्या पलंगाला ज्याला सगळे हायड्रॉलिक म्हणतात ते खरं तर गॅसचं काम आहे. नळीत दाबून भरलेला नायट्रोजन असतो. थोडं तेल असतं ते दांडा धाडकन सुटू नये म्हणून. आता हिशोब बघा. गादी २० किलो, चौकट २० किलो, एकूण ४०. पलंग दोन मीटर लांब, डोक्याकडे बिजागरी. म्हणजे वजनाचा मध्य बिजागरीपासून एक मीटरवर. गॅसच्या नळ्या मात्र बिजागरीला चिकटून, समजा २० सेंटीमीटरवर जोर लावतात. अंतर पाचपट कमी, म्हणून जोर पाचपट जास्त हवा. दोनशे किलो वजनाइतका, म्हणजे दोन नळ्यांत वाटून प्रत्येकी साधारण १००० न्यूटन. नळीवर आकड्यापुढे न्यूटनचा एन छापलेला असतो तो हाच.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, गादी बदलली की हिशोब बदलला. जड गादी आणलीत तर पलंग हातातून निसटून खाली आदळेल. हलकी आणलीत तर तुम्ही उठलात की तोही उठेल. दोन, जोडणी करताना गादी नसलेल्या रिकाम्या चौकटीला नळ्या लावल्या तर ती तोफेसारखी वर जाते. समोर तोंड धरून उभं राहू नये. तीन, गॅस थंडीत आकसतो. तापमान ३० वरून १० अंशांवर आलं की दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो. थंडीच्या पहाटे पलंग जड वाटतो तो उगाच नाही.

आणि पलंग लांबीने उभा करण्याऐवजी रुंदीने, म्हणजे कुशीवर मिटला, तर ९० सेंटीमीटर रुंद पलंगाचा मध्य बिजागरीपासून फक्त ४५ वर येतो. निम्म्याहून कमी जोर लागतो.

अर्धवट_झोपलेला

मास्तर, तुम्ही माझी पहिली दोन वर्षं पाहिलीत का? नवी जाड गादी आणली त्या रात्री माझा पलंग असाच आदळला. नखभर टवका उडाला फरशीचा. कंपनीला फोन केला तर म्हणाले गादी आमची नाही, जबाबदारी आमची नाही. शेवटी नळ्या बदलल्या. आधीच्या ८०० च्या होत्या, आता १००० च्या आहेत. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर गादीच्या वजनाची मर्यादा बारीक अक्षरात छापली होती, हे नंतर दिसलं.

रंधा

आणि भिंत! असा पलंग उघडा असताना पुढे वजन पडतं आणि वरची कड भिंतीपासून सुटायला बघते. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर अँकर बोल्ट धरतो. जिप्समच्या पोकळ भिंतीत नुसता प्लॅस्टिकचा गुट्टा ठोकून चालत नाही, मागची उभी चौकट शोधून तिच्यात स्क्रू गेला पाहिजे. भाड्याच्या घरात लोक भोकं नकोत म्हणून कपाट नुसतं टेकवून ठेवतात. तसं करू नका, मग साधा दिवाण बरा.

कोपऱ्यातली_खुर्ची

इतका वेळ नुसती वाचत होते. सोफा कम बेडबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते ती जातच चुकीची आहे. सोफ्यावर बसायला बैठक मागे किंचित उतरती लागते, झोपायला ती सपाट लागते. बसायला मऊ बरं, झोपायला जरा कडक बरं. एकाच स्पंजने दोन्ही कसं करावं? वर पाठ आडवी पाडणाऱ्या प्रकारात बैठक आणि पाठ यांच्यामधली फट बरोबर अंगाखाली येते. तीन घड्या घालून आत जाणाऱ्या प्रकारात गादी पातळ, कारण जाड गादीची घडी आत मावत नाही, आणि तिच्याखालचा आडवा गज कमरेत टोचतो. पाहुणे दोन रात्रींत निघावेत अशी इच्छा असेल तर उत्तम.

भोचक

+१. आमच्याकडे त्या गजाला टोपणनाव आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अर्धवट_झोपलेला

कोपऱ्यातली_खुर्ची, सहमत, पण पाहुण्यांपुरता तो ठीक आहे. वर्षातून दहा दिवस. रोजच्या झोपेला नको. रोजचं रूपांतर आणि कधीमधीचं रूपांतर हे दोन वेगळे प्राणी आहेत.

कोपऱ्यातली_खुर्ची

हो, हे मान्य. याच कारणाने माझं दोन्ही बाजूंना पानं असलेलं टेबल मला आवडतं. रोज पान खाली सोडून भिंतीला लागून असतं, आम्ही दोघं त्यावर मावतो. चारजण आले की पान उचललं, खालचा पाय दारासारखा फिरवला, झालं. माणशी दोन फूट जागा धरली तर बरोबर बसते. आणि मुख्य म्हणजे पान उचलताना टेबलावरचं काही हलवावं लागत नाही!

याउलट भावाने बसक्या टेबलाचं जेवणाचं टेबल होणारं घेतलंय. खालचं माप ४२ सेंटीमीटर, वरचं ७४. वर उचललं की डुगडुगतं, आणि त्याच्यासाठी लागणाऱ्या चार उंच खुर्च्या कुठे ठेवायच्या हे त्याला अजून सुचलेलं नाही. टेबल वाढतं, खुर्च्या वाढत नाहीत.

तळमजला

"टेबल वाढतं, खुर्च्या वाढत नाहीत" हे मी भिंतीवर लिहून लावणार आहे. भिंत पोकळ आहे की भरीव, ते आधी वाजवून बघते.

जुनी_अडगळ

अवांतर होईल, पण फर्निचरऐवजी भिंतीच हलवल्या तर? नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला १९२४ चं श्रोडर हाऊस आहे. गेरिट रिटव्हेल्ट आणि घराच्या मालकीणबाई ट्रूस श्रोडर यांनी मिळून रचलं. वरचा मजला दिवसा सलग मोकळा, रात्री सरकत्या भिंती ओढल्या की वेगवेगळ्या खोल्या. नमुना म्हणून बांधून सोडून दिलेलं घर नाही हे. बाई त्यात १९८५ मध्ये वारल्या तोपर्यंत राहिल्या.

आणि हाँगकाँगचे वास्तुरचनाकार गॅरी चँग. ३२ चौरस मीटरचं घर, ज्यात ते लहानपणी आई-वडील आणि बहिणींसोबत राहिले. मोठेपणी त्यात छताच्या रुळांना टांगलेल्या भिंती बसवल्या. एक सरकवली की मागे स्वयंपाकघर, दुसरी सरकवली की न्हाणीघर, अशा २४ मांडण्या.

गणितमास्तर

२४ पैकी रोजच्या वापरातल्या किती, हा तळमजलाताईंचा प्रश्न तिथेही लागू.

रंधा

पण टांगलेल्या भिंतीत एक शहाणपण आहे. जे काही असतं ते भिंतीच्या कप्प्यांत, भिंतीसोबतच सरकतं. उचलायचं काही नाही. अर्धवट_झोपलेला यांच्या आडव्या राहणाऱ्या टेबलातही तेच. तिथे चार दांड्यांचा समांतर चौकोन असतो. चौकोन कितीही कलला तरी समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून टेबलाचा कल बदलत नाही. करायला कटकटीचं काम. चारही भोकांची अंतरं तंतोतंत जुळली नाहीत तर टेबल मध्येच अडतं किंवा तिरकं होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका बाजूला दोन मिलिमीटर चुकलो आणि पेन्सिल दर वेळी गडगडत खाली यायची. गिऱ्हाईक म्हणालं राहू दे, गजर म्हणून चालेल.

तळमजला

तर बैठक बसली आणि निर्णय झाला. बैठक म्हणजे मी आणि फोनवर बहीण.

तिन्ही अवतारांची वस्तू जाणार. बिजागरी आधी रंधांनी सांगितल्याप्रमाणे काडी ठोकून दुरुस्त केली. 'खट्' आता शेजारच्या खोलीत ऐकू येतो. पलंगाचं तिला आयुष्यभर जमलंच, आता कुणाच्या तरी घरी सोफा म्हणून जगू दे.

तिच्या जागी कुशीवर मिटणारा ९० सेंटीमीटरचा पलंग. मिटल्यावर तो कमरेच्या थोडा वर येतो, त्यामुळे वरची भिंत मोकळी राहते. भिंत वाजवली, भरीव आहे. गादी आधी वजनकाट्यावर ठेवून मोजली, १७ किलो. आता नळ्या त्या हिशोबाने. टेबल मात्र वेगळं, साधं, चार पायांचं, कशातही रूपांतर न होणारं. त्यावरचं सामान रात्री तिथेच राहील. बहिणीसाठी घडीची गादी, आणि ती ठेवायला पलंगावरचा बंद कप्पा.

एकच शंका. पलंग उघडला की टेबल आणि पलंग यांच्यामध्ये ३८ सेंटीमीटर उरतात. चालता येईल?

रंधा

आडवं होऊन. अंधारात गुडघा आपटेल. टेबल भिंतीकडे चार इंच सरकवा, नाहीतर कोपरा गोल करून घ्या. कोपरा गोल करणं अर्ध्या तासाचं काम आहे.

तळमजला

सरकवायला तीनच इंच आहेत. सरकवते आणि कोपराही गोल करते.

भोचक

झालं की फोटो टाका.

तळमजला

पलंग उघडा असताना सबंध खोली फोटोत यायला जिथे उभं राहावं लागतं, तिथे दार आहे. दार आत उघडतं.

रंधा

थांबा. दार आत उघडतं? पलंगाला लागणार नाही ना?

तळमजला

मोजपट्टी घेऊन आले.